जिन्यात उजेड कुठून येतो, हे आधी विचार

अगं मनू, पुनर्विकास समितीवर तुझं नाव लागलं हे ऐकून बरं वाटलं. कार्पेट एरिया, कॉर्पस फंड आणि भाड्याचे आकडे यांचा कीस पाडायला तुमच्या सोसायटीतली काकामंडळी समर्थ आहेत. तो पाडायलाही हवा. पण तू पाठवलेला नकाशा मी मोठा करून करून पाहिला आणि ज्याबद्दल कुणीच तोंड उघडत नाहीये अशा काही गोष्टी खटकल्या. फोनवर सांगितलं की तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून लिहूनच देते.

बिल्डरच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर ‘थ्री-टियर सिक्युरिटी’ असं झळकतंय. म्हणजे काय, तर फाटकावर गार्ड, जागोजागी सीसीटीव्ही आणि दारावर व्हिडिओ डोअर फोन. हे सगळं इमारत उभी राहिल्यावर बाजारातून आणून लावता येतं आणि बिघडलं तर बदलताही येतं. जिना कुठे आहे, लिफ्टचं दार कुणीकडे उघडतं, मुलांची खेळायची जागा कुणाच्या खिडकीखाली येते, हे मात्र एकदा स्लॅब पडला की तुझ्या लेकीच्या लेकीपर्यंत हलत नाही. चोराची, छेड काढणाऱ्याची, जिन्यात टोळकं करून बसणाऱ्याची सोय होते ती इथे, आणि अडचण होते तीही इथेच. तेव्हा सुरक्षेचा खरा निर्णय नकाशावर सही करतानाच होतो, आणि आता त्या सहीत तुझीही एक सही आहे.

नकाशा वाचता येत नाही म्हणून दबून जाऊ नकोस. प्रत्येक कोपऱ्यावर बोट ठेवायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. ही जागा कुणाला दिसते? आणि ही जागा कुणाची आहे? दोन्हींची उत्तरं नीट आली तर पुढे सरक. ‘तशी कुणालाच नाही’, ‘तशी सगळ्यांचीच’ असं गुळमुळीत उत्तर आलं की तिथे लाल पेनाने गोल कर. भानगडी नेमक्या अशाच जागी होतात.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये जेन जेकब्स नावाची एक पत्रकार बाई राहायची. तिच्याकडे ना वास्तुरचनेची पदवी होती ना नगररचनेची. १९६१ साली तिने अमेरिकन शहरांवर एक पुस्तक लिहिलं आणि भल्याभल्या नियोजनकारांची झोप उडवली. तिचं म्हणणं साधं होतं. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे. दुकानाच्या पायरीवर उभा असलेला वाणी, खिडकीतून डोकावणारी म्हातारी, कामावरून उशिरा परतणारा माणूस, अशा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेमुळे. त्यासाठी खिडक्या आणि दारं रस्त्याकडे हवीत, रस्त्यावर दिवसभर काही ना काही कारणाने माणूस हवा, आणि खासगी कुठे संपतं नि सार्वजनिक कुठे सुरू होतं हे पाहताक्षणी कळायला हवं.

पुढे १९७१मध्ये सी. रे जेफ्री या गुन्हेशास्त्रज्ञाने या विचाराला नाव दिलं. परिसराच्या रचनेतून गुन्ह्याला आळा घालायचा, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी ऑस्कर न्यूमन या वास्तुरचनाकाराचं पुस्तक आलं. न्यूमन सेंट लुईसमध्ये शिकवायचा आणि त्याच्या डोळ्यांसमोर प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत मोडकळीला येत होती. ३३ इमारती, प्रत्येकी ११ मजल्यांची. आराखडा मिनोरू यामासाकी यांचा, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे रचले. काटकसर म्हणून लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबायची. बाकीच्यांनी जिन्याने एक मजला चढायचा किंवा उतरायचा. ते जिने आणि त्या लांबच लांब गॅलऱ्या लुटारूंचे अड्डे झाले. १९५०च्या दशकात बांधलेली ती वसाहत १९७२ साली सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली आणि १९७६पर्यंत जमीनदोस्त झाली.

मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती न्यूमनने टिपलेली एक बारीक गोष्ट. त्याच इमारतींत, त्याच गरीब भाडेकरूंमध्ये, जिथे जिन्याच्या एका लँडिंगवर फक्त दोनच घरांची दारं होती तिथली जागा लोकांनी झाडूनपुसून लख्ख ठेवली होती. जिथे वीस घरांमध्ये एक पॅसेज होता तिथे कचरा, फुटके दिवे आणि लघवीचा वास. माणसं तीच, उत्पन्न तेच. दोन घरांना ‘हे आपलं’ म्हणता येतं, वीस घरांना येत नाही. तुझ्या नकाशात एका मजल्यावर आठ फ्लॅट एकाच पॅसेजवर आहेत. लिफ्टच्या दोन्ही बाजूंना चार-चार असे दोन तुकडे करता येतात का, हा पहिला प्रश्न विचार. जागा वाढत नाही, फारतर एक भिंत सरकते.

आता, प्रुइट-आयगो पडली ती निव्वळ नकाशामुळे, असं कुणाला सांगत सुटू नकोस. तिथे देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून भागवायचा होता. शहर रोडावत गेलं, माणसं निघून गेली, भाडं आटलं तशी दुरुस्ती थांबली. काळ्या लोकांना वेगळं पाडणारं धोरण होतं, गरिबी होती. रचना वाईट असली की वाईट काळात इमारत लवकर ढासळते, एवढंच म्हणता येतं. पण तेवढंही तुझ्या उपयोगाचं आहे, कारण वाईट काळ प्रत्येक सोसायटीला येतो. मेंटेनन्स थकणारे कुठे नसतात?

आपल्याकडे हे शहाणपण पुस्तकाआधीपासून आहे. पुण्यातल्या जुन्या वाड्याचं दार आठव. भलामोठा दरवाजा आणि त्याच्या एका फळीत लहानशी दिंडी. आत जायचं तर मान लववून, उंबऱ्यावरून पाय उचलून जावं लागायचं, म्हणजे वेग आपोआप मोडायचा. आत शिरलं की दोन्ही अंगांना देवड्या, आणि तिथे कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. मग चौक, चौकाभोवती ओसरी, मग माजघर. रस्ता जगाचा, देवडीपर्यंत कुणीही यावं, चौक बिऱ्हाडकरूंचा, माजघर घरच्यांचं. कुठेही पाटी नव्हती, तरी परक्या माणसाला कळायचं की आपण कुठवर आलोय आणि आता आपल्याला कुणीतरी ‘कोण हवंय?’ विचारणार. ‘कोण हवंय?’ हा प्रश्न आपोआप उठेल अशी रचना, हेच या सगळ्या शास्त्राचं सार आहे.

गिरगावातल्या चाळीची गॅलरीही तशीच. टोकाच्या खोलीत जायचं तर सगळ्यांच्या दारांवरून. बीडीडी चाळींत मात्र मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. तिथे दारं दिवसभर उघडी असायची म्हणून तो बोळ नांदता राहिला. तोच बोळ तू आज नव्या टॉवरमध्ये आणलास, जिथे दार लावून आत एसी चालू असतो, तर त्याचा भुयारी मार्ग होईल. तेव्हा ‘आमच्या जुन्या चाळीत असंच होतं’ हा युक्तिवाद कुणी केला तर विचार की दारं उघडी ठेवणार आहात का.

आणि चाळीचं इतकं गुणगान नको, हेही तुला माहीत आहे. तिथले डोळे राखण करायचे तसे चुगलीही करायचे. अमकी किती वाजता आली, कुणाच्या स्कूटरवरून उतरली, याची नोंद ठेवणारी ‘सुरक्षितता’ आपल्याला नको आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायकांच्या रस्त्यावरच्या वावरावर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी हाच मुद्दा लावून धरलाय. बाईला सुरक्षित ठेवायच्या नावाखाली घरात बसवू नका. तिला काही कामाशिवाय बाहेर रेंगाळायचा हक्क आहे. म्हणून नजर कुठे पडावी हेही आपण ठरवायचं. जिना, फाटक, अंगण, पार्किंग यांवर नजर हवी. समोरासमोर बेडरूम आणि दारासमोर दार मात्र नको. समोरच्या घराचं दार आपल्या दाराला तोंड करून उघडत असेल तर थोडं सरकवायला सांग. लिफ्टमधून बाहेर पडणारं माणूस दोघांनाही दिसेल आणि कुणाचा दिवाणखाना कुणाला दिसणार नाही.

आता नकाशा समोर घे आणि माझ्याबरोबर फाटकापासून आत ये.

कंपाउंडची भिंत आठ फुटी, भरीव दाखवलीय आणि फाटक पत्र्याचं. उंच भिंतीने जिवाला बरं वाटतं, पण ती एकदा ओलांडली की आतल्या चोराला तीच आडोसा देते. रस्त्यावरच्या कुणाला काही दिसत नाही. शिवाय बाहेरचा फुटपाथ अनाथ होतो. रात्री क्लासवरून येणाऱ्या मुलीला शेजारून ना खिडकी, ना दार, नुसती लांबच लांब भिंत. खाली दोन-अडीच फूट भिंत आणि वर गजांची जाळी, फाटकही गजांचं, असं माग. खर्चही कमी होतो, बिल्डर नाही म्हणणार नाही.

फाटकाशेजारी गार्डची केबिन आहे, तिचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ सोसायटीकडे. तिला तिन्ही बाजूंनी काच हवी आणि तिथून फाटक व लॉबीचं दार दोन्ही दिसायला हवं. आणि एक विचार, त्या माणसाला शौचालय कुठे? बहुतेक ठिकाणी नसतं. मग तो रात्री दोन वाजता फाटक सोडून कुठेतरी मागे जातो आणि आपण सभेत ठराव करतो की वॉचमन जागेवर नसतो.

रस्त्याच्या बाजूला दुकानं नकोत, वर्दळ वाढते, असं कुणीतरी म्हणालं होतं ना? मी उलट सांगते. औषधाचं दुकान, दूध-भाजी, झेरॉक्सवाला, इस्त्रीवाला असू देत. रात्री दहापर्यंत शटर उघडं असलेलं औषधाचं दुकान म्हणजे रस्त्यावर फुकटचा उजेड आणि ओळखीचा माणूस. परमिट रूम वेगळी. तिला हरकत घ्यायची असेल तर खुशाल घे. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे खालचे चार-पाच मजले पार्किंगचे पोडियम. त्यात रस्त्याच्या उंचीवर एकही राहती खिडकी उरत नाही. विसाव्या मजल्यावरून समुद्र दिसेल, पण खाली कुणी कुणाची पर्स ओढतंय हे दिसणार नाही, ओरडलेलं ऐकूही येणार नाही. पोडियम टाळता येत नसेल तर त्याच्या रस्त्याकडच्या बाजूला निदान दुकानं, सोसायटीचं ऑफिस, व्यायामशाळा अशा वापरत्या जागा लाव.

मुलांची खेळायची जागा पाहिलीस? मागच्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरशेजारी. सगळं बसवून झाल्यावर जो तुकडा उरला तो मुलांच्या पदरात टाकलाय. ती जागा पुढे आण आणि तिच्यावर स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडतील असं पाहा. आपल्याकडे स्वयंपाकघर डक्टकडे ढकलायची रीत आहे. कुकरची वाफ आणि संडासाचे पाइप एकाच बोळात. घरात सगळ्यात जास्त वेळ माणूस उभं असतं ते ओट्यापाशी, आणि त्याच्यासमोर पाइप! व्हिएन्नात १९९७ साली ३५७ घरांची एक वसाहत उभी राहिली, स्त्री वास्तुरचनाकारांनी आखलेली. तिथे हाच विचार केला होता. घरातून अंगणात खेळणारी पोरं दिसावीत, जिन्यांत दिवसाचा उजेड यावा, येण्याजाण्याच्या वाटांना अंधारे कोपरे नसावेत. मोठा खर्च नाही, नुसता खोल्यांचा क्रम बदलायचा. खेळाच्या जागेशेजारीच आजोबांचा कट्टा ठेव. मग तिथे कॅमेरा लावायची गरज कमीच पडते.

झाडांबद्दल माळ्याला एकच नियम सांगून ठेव. झुडूप कमरेच्या खाली, फांद्या डोक्याच्या वर. मधली जागा नजरेसाठी मोकळी. लॉबीच्या दाराशी माणसाच्या उंचीची मेंदीची कुंपणं म्हणजे लपायची आयती सोय.

आता लिफ्ट आणि जिना. लिफ्टच्या दाराला काचेची उभी पट्टी हवीच. आत कोण आहे हे बाहेरच्याला आणि बाहेर कोण उभं आहे हे आतल्याला कळायला हवं, म्हणजे नको त्या माणसाबरोबर चढायचं नसेल तर बाई थांबू शकते. तळघरातल्या पार्किंगमधून येणारी लिफ्ट आधी लॉबीत थांबली पाहिजे, थेट वर जायला नको.

जिना तर तुमच्या नकाशात इमारतीच्या पोटात कोंबलाय, चारी बाजूंनी भिंत. बिल्डर म्हणेल, अग्निशमनाचा नियम आहे, बंदच लागतो. नियम धूर अडवण्यासाठी आहे आणि तो पाळायचाच, त्यात घासाघीस नको. पण जिना बाहेरच्या भिंतीला लावून खिडकी ठेवता येते आणि अग्निरोधक दारात अग्निरोधक काचेची पट्टी बसवता येते. उजेड आणि हवा असली की माणसं दोन मजले जिन्याने उतरतात. माणसं उतरायला लागली की तिथे सिगारेटी फुंकत बसणारे आपसूक उठतात. अंधारा जिना कुणी वापरत नाही आणि कुणी वापरत नाही म्हणून तो आणखी अंधारा होत जातो. कोणत्याही माळ्यावर बंद पडलेला बल्ब तीन महिने कुणाच्या लक्षात येत नाही तो याच कारणाने.

उंच इमारतीत आग लागल्यावर थांबायला मोकळा रेफ्यूज एरिया सोडावा लागतो. त्याला कुलूप घालणं हा गुन्हा होईल आणि तो उघडा ठेवला की उनाड पोरांना हक्काची जागा मिळते, अशी कोंडी सांगितली जाते. उत्तर उजेडात आहे. बाहेरच्या बाजूला भरीव कठड्याऐवजी गज, पॅसेजच्या बाजूला काच, दिवा कायम चालू. गच्चीचंही तसंच, पाण्याच्या टाकीमागचा कोपरा पाहून ठेव. आणि डक्टमधले उभे पाइप ही चोराची शिडी असते. ते भिंतीच्या खाचेत घ्यायला सांग, म्हणजे ग्रिल लावून खिडकीची कोठडी करायची वेळ येणार नाही. आगीत त्याच ग्रिलमागे माणसं अडकतात.

पार्किंगच्या भिंती पांढऱ्या रंगवायच्या, वळणावर बहिर्गोल आरसा लावायचा, खांबांच्या मागे स्टोअररूम काढू द्यायची नाही. दिव्यांचं सांगते, कारण तिथे लोक फसतात. एक मोठा डोळे दिपवणारा हॅलोजन लावला की त्याच्या झोतापलीकडे काळोख दाट होतो आणि समोरून येणाऱ्याचं तोंडच दिसत नाही. त्यापेक्षा लहान, सारख्या अंतरावरचे, खाली प्रकाश टाकणारे दिवे बरे. दहा-पंधरा पावलांवरून समोरच्याचा चेहरा ओळखता येतो का, ही परीक्षा. उजेडाचा उपयोग होतो का, तर होतो. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काही ठिकाणी जादा दिवे उभे केले आणि बाकीच्यांशी तुलना केली. दिव्यांच्या ठिकाणी रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले आढळले.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण कॅमेरा घडलेलं सांगतो आणि तेही कुणी फुटेज काढलं तर. अंधाऱ्या कोपऱ्यात कॅमेरा लावण्यापेक्षा तो कोपराच नकाशातून काढलेला बरा. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा घर नदीकाठी बांधावं, तसं.

एका गोष्टीकडे समितीत कुणाचंच लक्ष नसतं, ती म्हणजे मधला काळ. सभासद एकेक करून भाड्याच्या घरात जातात, अर्धी इमारत रिकामी, दारं-खिडक्या उचकटलेल्या, आणि दोन-चार म्हातारी माणसं मागे राहिलेली. सगळ्यात धोक्याचे महिने ते. २०१३ साली मुंबईत महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या आवारात जो सामूहिक बलात्कार झाला तो वर्षानुवर्षं बंद पडलेल्या, भर शहरातल्या पडीक जागेत घडला. पडीक जागा कुणाचीच नसते, म्हणून ती वाईट माणसाची होते. उलटं उदाहरणही आहे. फिलाडेल्फियात ओसाड भूखंडांवरचा कचरा काढला, गवत लावलं, काही झाडं लावली आणि भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं, एवढंच. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरीब वस्त्यांमध्ये अशा जागांभोवतीचा बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटलेला दिसला. तेव्हा करारनाम्यात लिहून घे. शेवटचा सभासद जाईपर्यंत जिन्याचे दिवे आणि पाणी चालू, रिकाम्या फ्लॅटची दारं न उचकटता सीलबंद, रात्रपाळीला माणूस, आणि पाडकाम झाल्यावर प्लॉटला आतलं दिसेल असं कुंपण.

आता थोडं कडू बोलते. सुरक्षेच्या नावाखाली माणसं हाकलायला फार सोपं जातं. ‘फेरीवाले नकोत’, ‘कामवाल्या बायकांनी बाकावर बसायचं नाही’, ‘डिलिव्हरीच्या पोरांना वेगळी लिफ्ट’ हे ठराव सुरक्षेच्या फायलीतूनच येतात. २०१८मध्ये मुंबईत फोर्टमधल्या एका बँकेच्या शाखेबाहेर कुणी बसू नये म्हणून लोखंडी खिळे बसवले होते. लोकांनी आरडाओरडा केल्यावर काढावे लागले. बसायला जागाच ठेवली नाही की बघायला कुणी उरत नाही, हे साधं गणित त्यांना सुटलं नाही. फाटकाबाहेरचा भाजीवाला तुझ्या लेकीला नावाने ओळखतो. त्याला उठवून तिथे कॅमेरा लावणार असाल तर तोटा तुमचाच आहे.

आणि हेही मनाशी धर की भिंती आणि खिडक्या सगळं करू शकत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बायकांवरच्या गुन्ह्यांमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात मोठा वाटा नवऱ्याकडून किंवा सासरच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या छळाचा असतो. तो बंद दाराआड होतो. तिथे जिन्याची खिडकी कामाला येत नाही. शेजारणीने बेल वाजवली तरच येते. पण पॅसेज चार घरांचा असेल, रोज दारात दोन शब्द होत असतील, तर ती बेल वाजवायला हात धजावतो. वीस जणींच्या बोळात ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून दार लावून घेतलं जातं. इतपत मदत नकाशा करू शकतो.

आता कामाला कशी लागशील ते सांगते. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालच्या सूचनांप्रमाणे तुमचा सल्लागार नेमला गेलाय. हे सगळं त्याच्याकडून लेखी टिपणात मागव आणि महापालिकेत नकाशे दाखल व्हायच्या आत माग. मंजुरी आल्यावर ‘आता फार उशीर झाला मॅडम’ हे वाक्य तयारच असतं. ठरलेले बदल विकास करारनाम्याच्या परिशिष्टात नकाशासकट जोडायला लाव. तोंडी आश्वासन म्हणजे बोलाची कढी.

त्याआधी एका रात्री, साडेनऊच्या सुमारास, सोसायटीत आणि बाहेरच्या रस्त्यावर सगळ्या जणी मिळून चक्कर मारा. कॉलेजात जाणारी मुलगी, गुडघे दुखणाऱ्या आजी, उशिरा सुटणारी कामवाली बाई आणि वॉचमन, हे चौघे हवेतच; समितीवरच्या काकांना मागून येऊ दे. टोरोंटोतल्या बायकांच्या एका संघटनेने १९८९मध्ये अशा सुरक्षा-फेरीची पद्धत बसवली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे कल्पना विश्वनाथ आणि आशिष बसू यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या ‘सेफ्टीपिन’मध्ये तशा फेरीसाठी नऊ गोष्टी तपासतात. उजेड, मोकळेपणा, किती खिडक्या-दारांतून ती जागा दिसते, माणसांची ये-जा, पोलीस किंवा रखवालदार, चालायची वाट, बस-रिक्षा, बायाबापड्यांचं प्रमाण, आणि शेवटी मनाला काय वाटतं. ही शेवटची गोष्ट लिहायला लाजू नका. ‘इथे का कोण जाणे भीती वाटते’ असं तिघींनी लिहिलं की त्या कोपऱ्यात काहीतरी खोट असतेच. जुन्या जागेतली खोट नव्या नकाशात पुन्हा उतरली आहे का, ते मग ताडून पाहायचं.

सगळंच पदरात पडणार नाही. बिल्डरला प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब आहे आणि तुमच्या काकांना जादा कार्पेट हवाय. तेव्हा घासाघीस करताना क्लबहाउस सोड, लॉबीतलं इटालियन मार्बल सोड, ते कारंजंही जाऊ दे. जिन्याची खिडकी, चार घरांचं लँडिंग आणि मुलांची जागा स्वयंपाकघरांच्या नजरेखाली, या तीन गोष्टींवर अडून बस. कुणी म्हणालं, ‘अहो, असल्या बारीकसारीक गोष्टींनी चोऱ्या थांबतात होय?’, तर त्यांना आताच्या आता, त्यांच्या घरातली कोणती खिडकी जिन्याकडे किंवा फाटकाकडे उघडते ते विचार. आठवायला वेळ लागला की उत्तर मिळालंच.

सुधारलेला नकाशा आला की मला पाठव. बत्तिसाव्या पानावरचं कार्पेट एरियाचं कोष्टक नको. तळमजल्याचं पान पाठव आणि एका मजल्याचं. आणि हो, आईला सांग, ओट्यासमोर खिडकी येणार आहे, तेव्हा ती मिक्सर ठेवायची फळी तिथे काढायचा हट्ट करू नकोस म्हणावं.